आप्पा आणि नवं स्टिअरिंग

खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्या-खुरप्यांपासून तराजूपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. पण पहिला मान गाडीचा. गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-१५० पिकअप. अमेरिकेत विलिसने १९५६ साली आणलेलं जीपचं हे बिननाकाचं रूप महिंद्राने १९६५ पासून इथे बांधायला घेतलं. इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, झाकणाखाली. थंडीत त्या झाकणावर बसण्यावरून आम्हा पोरांची भांडणं व्हायची.

गुऱ्हाळावरून ३० किलोचे गुळाचे रवे भरायचे आणि कोल्हापूरच्या मार्केट यार्डात न्यायचे, हा तिचा धंदा. झेपेल त्याहून जास्त माल आणि पाणंदीतले खड्डे. लोखंड तरी किती सोसणार? शेवटी शेवटी स्टिअरिंगचं चाक चांगलं वीतभर फिरवल्याशिवाय टायर हलेनात. गाडी चालवणाऱ्या आप्पांना त्याचं काहीच नव्हतं. वळण दिसायच्या आधीच त्यांचे हात कामाला लागलेले असत. पण त्या वर्षी आज्जी अडून बसली. ‘‘पूजा करायची तर गाडी धड करून आणा.’’

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी चाक हलवून बघितलं. ‘‘आप्पा, ह्येला पॅकिंग लावून भागायचं न्हाई. आख्खा कॉलमच बदलाय पायजे.’’ कारण कॉलममधला रॉड आणि त्याच्या टोकाचा मळसूत्री वर्म एकसंध. वर्म झिजला की रॉडही गेला. भंगार बाजारात दुसऱ्या एका गाडीचा बरा कॉलम मिळाला आणि काम सुरू झालं.

हॉर्नचं बटण निघालं, त्यामागची वायर रॉडच्या पोकळीतून ओढून घेतली. मधला नट सुटला, तरी चाक दात्यांना घट्ट चिकटलेलं. पुलर लावून हातोडीचा एक ठोका बसला, तेव्हा ते ‘टण्ण’ करून सुटलं. पायाखालचा पत्रा, डॅशखालची पट्टी, खालचा ड्रॉप आर्म सुटला आणि कॉलम स्टिअरिंगच्या पेटीसकट बाहेर आला. सरळसोट पोलादी दांडा. समोरून धडक बसली तर थेट छातीवर येणारा. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत दबणारे कॉलम बसवले. आमच्या गाडीला त्याचा वाराही लागला नव्हता.

पेटी उघडताच बेअरिंगचे छर्रे पोत्यावर सांडले आणि ते वेचायचं काम आमच्याकडे आलं. वर्मच्या खाचेत बसणाऱ्या लिव्हरच्या निमुळत्या पिना एका अंगाने चपट्या होऊन आरशासारख्या चकाकत होत्या. दुसरा कॉलम जोडताना मिस्त्रींनी पातळ पत्र्याच्या चकत्या एकेक करून घातल्या, काढल्या. शेवटचा स्क्रू मात्र पुढची चाकं सरळ ठेवूनच आवळला. वर्मची खाच मधोमध मुद्दाम तंग कापलेली असते. चाकं वळवलेली असताना स्क्रू आवळला, तर सरळ येताना स्टिअरिंग जाम होतं.

खंडेनवमीच्या सकाळी आप्पा चाकावर बसले. झेंडूचा हार, नारळ, सगळं झालं. गाडी गल्लीतून निघाली ती नागमोडी! इतक्या वर्षांच्या सवयीने आप्पा वीतभर फिरवत, आणि गाडी आता बोटभर फिरवलं तरी ऐकत होती. आधी गटाराकडे, मग देसायांच्या कट्ट्याकडे. मिस्त्री कपाळाला हात लावून उभे.

‘‘बिघडलंय काहीतरी,’’ आप्पा उतरून म्हणाले. मिस्त्रींनी स्वतः फेरी मारून दाखवली. गाडी सुतासारखी सरळ. तेवढ्यात दारातून आई म्हणाली, ‘‘गाडी झाली नीट. आता ह्यांना दिवाळीपर्यंत गॅरेजात ठेवा.’’