धन आणि ऋण

आमच्या खानदेशांत गणिताचा वारसा जुना आहे. चाळीसगांवानजीक पाटण येथें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिल्याचा सन १२०७ मधील शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांच्या बीजगणिताप्रमाणें समान धन व समान ऋण एकत्र आलीं कीं शेष शून्य. हा नियम आम्हीं तीस वर्षें मुलांस शिकविला. परंतु गतवर्षीं आमच्याच घरांत तो लागू पडेना.

धुळ्याच्या एका लग्नाहून जळगांवीं परततांना सूनबाईची एक कुडी हरवली. ती वारशाची नव्हे, आदल्याच वर्षीं येथील सराफबाजारांत घेतलेली. त्याच पंधरवड्यांत आमच्या निवृत्तिवेतनाचा थकलेला फरक हातीं आला, तोही जवळजवळ तेवढ्याच किमतीचा. हिशेबानें घरचें कांहींच गेलें नव्हतें. तथापि फरकाचे पेढे एका सायंकाळीं संपले, आणि कुडीची चर्चा दोन महिने चालली. "फिरकी नीट बसविली होतीस ना?" असें आम्हीं किती वेळां विचारिलें, त्याची गणती नाहीं. पुढें सूनबाई लग्नकार्यास जाण्याचेंच टाळूं लागली.

हानीचें पारडें लाभाहून जड असतें, हें कानेमन व ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं सन १९७९ मध्यें मांडिलें. सन १९९२ च्या त्यांच्या प्रयोगांत हें प्रमाण सुमारें सव्वादोनपट निघालें. शंभर रुपये हरण्याचें भय असेल, तर दोनशेंच्या आशेवांचून नाणेफेकीची पैज माणूस सहसा पत्करीत नाहीं. याचें मूळ आम्हांस असें दिसतें: ज्याच्या घरीं धान्य जेमतेम, त्यास एक पोतें अधिक मिळालें तर सोय होते, एक पोतें गेलें तर उपास घडतो. शिवाय मिळालेली वस्तु चार दिवसांत नेहमींची होते. गेलेलीच्या जागीं मात्र हात पुन्हां पुन्हां जातो.

हें दुःख स्वाभाविक खरें. पण त्याची वसुली आम्हीं सूनबाईकडून केली. एके दिवशीं आम्हीं तसें तिच्यापाशीं कबूल केलें. ती म्हणाली, "मामंजी, कुडी माझीच होती. तिचें दुःख मला एकटीला करूं दिलें असतें, तरी पुरें होतें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तेव्हांपासून घरांत कोणाकडून कांहीं हरवलें, तर आम्ही एकदांच विचारतों, आणि मग शोधूं लागतों.