रंगावरचा शेवटचा हात

रंगाऱ्याच्या भाषेत लेपाला 'हात' म्हणतात. भिंतीला चुन्याचे दोन हात दिले, दाराला शेवटचा हात द्यायचा राहिला आहे, असे आपण सहज बोलून जातो. त्या शब्दात काम करणारा माणूस शिल्लक आहे याकडे मात्र आपले लक्ष नसते. २८ मिलिमीटर मापाच्या रंगवलेल्या सैनिकांवर पारदर्शक रोगणाचा हात द्यावा की नाही, या प्रश्नाने आम्हा दोघांना त्या शब्दाशी थांबावयास लावले.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण या छंदाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधील कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतावयास आरंभ केला आणि इंग्रज मध्यमवर्गाच्या घरांत पलटणी उतरल्या. एच. जी. वेल्स याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून त्यांच्या लढायांना नियम दिले. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटे आणि सैनिक खरोखरच आडवे होत. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध पुष्कळ बरे, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. त्या काळचे सैनिक तकतकीत रंगाचे असत. आपण खेळणे आहोत हे ते लपवीत नसत.

आजचा सैनिक प्लास्टिकचा, रेझिनचा वा कथलाच्या मिश्रधातूचा असतो आणि रंगवणारा त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांचे पातळ थर चढवतो. एवढ्याशा आकृतीवर खऱ्या उजेडाने पुरेशी छायाप्रकाशाची खोली येत नाही. म्हणून अंगरख्याच्या चुणीतली सावली आणि खांद्यावरचा उजेड दोन्ही कुंचल्यानेच रंगवावे लागतात. या रंगाला सर्वांत मोठे भय बोटांचे. घाम, तेलकटपणा आणि घर्षण यांनी भाल्याचे टोक, नाक, खांदा अशा उंचवट्यांवरचा रंग आधी झिजतो आणि नेमके तेथेच कारागिराने सर्वाधिक कष्ट घेतलेले असतात.

रोगण दोन प्रकारचे. ग्लॉस म्हणजे चकाकणारे. त्याचा पापुद्रा सलग व चिवट असतो. मॅटमध्ये सिलिकासारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. ते प्रकाश विखुरतात, त्यामुळे चमक मरते, पण पापुद्र्याचा चिवटपणाही काहीसा उणावतो. म्हणून जाणते लोक आधी ग्लॉस देतात आणि ते पुरते वाळल्यावर वरून मॅट. पहिला हात टिकण्यासाठी, दुसरा दिसण्यासाठी. नुसते ग्लॉस ठेवले तर खोलीतला दिवा सैनिकाच्या खांद्यावर चमकतो आणि कुंचल्याने रंगवलेल्या उजेडाशी भांडू लागतो. फवाऱ्याचे रोगण दमट हवेत मारले तर रंगावर पांढुरके धुके धरते. आमच्यासारख्या किनारपट्टीवरच्या माणसांनी पावसाळ्यात तो डबा हातीच घेऊ नये.

हे सारे आम्हास शिकावे लागले ते एका दिवंगत स्नेह्यामुळे. ते इतिहासाचे प्राध्यापक. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा यांच्यात जी लढाई झाली, ती टेबलावर मांडावी म्हणून अकरा वर्षे ते दोन्ही बाजू रंगवीत होते. शिंद्यांचे गोलंदाज, कवायती पायदळ, समोर ७४व्या आणि ७८व्या हायलँडर पलटणी. बरेच रंगवून झाले, काही नुसत्या करड्या अस्तरावर राहिले. रोगण कशालाच दिलेले नव्हते. सारे झाल्यावर एकदमच देऊ, असे ते म्हणत. ते गेले आणि वर्षभराने त्यांची कन्या खोका घेऊन आमच्याकडे आली. "मैत्रिणींबरोबर हे खेळायचंय, काकू. बाबांचा रंग जाणार नाही असं काहीतरी करा. तुम्ही दोघं ठरवा."

ठरवण्यावरून आमच्यात दोन मते झाली. एक मत असे की, हा रंग त्या हातचा अखेरचा मजकूर आहे. कवीच्या मृत्यूनंतर त्याची वही छापताना संपादकाने आपली शाई त्यात मिसळू नये, हे आपण वर्गात शिकवतो. रेम्ब्राँच्या १६४२ सालच्या चित्राला पुढे 'नाइट वॉच' हे नाव पडले, ते त्यावरचे वॉर्निश व मळ काळवंडल्यामुळे. १९४०च्या दशकात ते स्वच्छ केल्यावर त्यातला दिवसाचा उजेड पुन्हा दिसला. तेथे निदान वरचा थर काढता तरी आला. ॲक्रिलिक रंगावर ॲक्रिलिक रोगण बसले की जे द्रव्य रोगण उतरवील, ते बहुधा खालचा रंगही उतरवील. म्हणजे हा पाठ एकदाच सिद्ध होणार, त्याला दुसरी आवृत्ती नाही.

दुसरे मत सावंतवाडीच्या गंजिफांचा दाखला देई. दशावतारी गंजिफांची १२० पाने, प्रत्येक हाताने रंगवलेले, आणि तरीही ती पिसण्यासाठी, वाटण्यासाठी, टाकण्यासाठी केलेली. त्यांच्यावर लाखेचा लेप येतो तो त्यांना शोभेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, तर ती माणसांच्या हातांत फिरावीत म्हणून. आमच्या स्नेह्यांनीही हे सैनिक पाहण्यासाठी रंगवले नव्हते. न खेळलेली असई काचेआड जपणे म्हणजे न वाचलेल्या ग्रंथाला पुठ्ठा चढवून कृतार्थ होणे. शिवाय रोगण द्यावयाचे हे त्यांनी स्वतःच ठरवलेले होते. उरला होता तो केवळ हात.

या शेवटच्या मुद्द्यापुढे पहिले मत नमले, पण एका अटीवर. अस्तरावरचे सैनिक आपण रंगवावयाचे नाहीत आणि पुऱ्या झालेल्यांवर दुरुस्तीचा एक ठिपकाही द्यावयाचा नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, तेव्हा आम्ही मऊ कुंचल्याने प्रत्येकाला ग्लॉसचा पातळ हात दिला आणि दुसऱ्या दिवशी मॅटचा. रंग किंचित निवले, हे नाकारता येत नाही. लाल डगल्यांचा लाल पूर्वीचा राहिला नाही. एका घोड्याच्या पाठीवर रंगात कुंचल्याचा केस चिकटून राहिलेला होता. चिमट्याने तो सहज निघाला असता. आम्ही त्याला हात लावला नाही. आता तो दोन थरांखाली कायमचा आहे.

मुलीला आम्ही तो घोडा दाखवला. तिने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि मग बाकीच्या स्वारांत ठेवून दिला. करड्या सैनिकांचे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "ते राखीव फौज." खेळाच्या नियमात ते बसते की नाही, आम्हास ठाऊक नाही. रविवारी चौघीजणी बसतात. बोटांत धरून स्वार पुढे सरकवले जातात, पडतात, उचलले जातात, आणि रंग अद्याप कोठेही उडालेला नाही.