सिन्स की फॉर? ते रविवारी बघू!

'आय ॲम रायटिंग सिन्स टू इयर्स.'

या वाक्यात काही गडबड आहे असं तुम्हाला वाटलं नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि वाचताना नाक आपोआप मुरडलं गेलं असेल, तर जरा जास्तच तुमच्यासाठी आहे!

हे वाक्य माझंच. मास कॉमची डिग्री ताजी ताजी हातात होती आणि एका इंग्रजी पेपरच्या ऑफिसात इंटरव्ह्यू होता. समोरच्या साहेबांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, 'फॉर.' शेजारी बसलेली दोघं गालात हसली. गंमत म्हणजे नोकरी मिळाली. पण पुढचे तीन महिने सकाळच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही. डोक्यात स्टोरी असायची, वहीत लिहिलेली असायची, पण वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. शेवटी कंटाळून फ्रीलान्सर झाले. मेल लिहिताना निदान बॅकस्पेस तरी असतो, बॉस!

तसं मला इंग्रजी शाळेत उशिरा भेटलं असंही नाही. मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधीच्यांना ते पाचवीत भेटायचं. मी पहिलीत गेले तोवर ए फॉर ॲपल पाटीवर आलेलं होतं. पुण्यात शिकायला आले तेव्हा बाबांनी अप्पा बळवंत चौकातून लाल कव्हरचं रेन अँड मार्टिन घेऊन दिलं. त्यातले रेनसाहेब एकेकाळी हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात होते आणि १९२४ मध्ये त्यांनी 'बो जेस्ट' नावाची धाडसी कादंबरी लिहिली, हे मला नंतर कळलं. व्याकरणाचं पुस्तक वाचताना मात्र धाडस फक्त वाचणाऱ्यालाच करावं लागतं. मी ते केलं. मग रेमंड मर्फीचं निळं पुस्तक आणलं. १९८५ साली पहिल्यांदा आलेलं हे पुस्तक अजून खपतंय. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर स्वाध्याय. सगळे स्वाध्याय पेन्सिलीने सोडवले, खोडले, परत सोडवले.

सांगायचा मुद्दा, माझं ग्रामर एकदम सॉलिड झालं. इतकं, की दोन वर्षांपूर्वी फ्रीलान्सचे चेक लटकायला लागल्यावर मी रविवारची बॅच सुरू केली. कर्वेनगरमधला आमचा भाड्याचा फ्लॅट, रूममेटचं डायनिंग टेबल आणि चार विद्यार्थी.

त्यातले एक हिंजवडीवाले. वय छत्तीस, मूळचे सांगलीकडचे, आयटी कंपनीत टीम लीड. घरी 'वॉकला जातो' सांगून वाकडवरून बाइक हाणत यायचे, कारण यूकेजीतल्या लेकीने त्यांचा एक उच्चार सुधारला होता आणि बायको हसली होती. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. दोघांनाही ते ऑकवर्ड व्हायचं.

तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, 'सर, पाच मिनिटं तुमच्या कामाबद्दल बोला.'

'आय ॲम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स इलेव्हन इयर्स...'

'हॅव बीन वर्किंग. फॉर इलेव्हन इयर्स.'

'ओके. यस्टरडे आय हॅव सेंट वन मेल...'

'सेंट. हॅव नको.'

'वुई डिस्कस्ड अबाउट द...'

'अबाउट नको!'

पाच मिनिटांत तेवीस चुका. मी चक्क मोजल्या होत्या आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवल्या होत्या. मोठ्या अभिमानाने. किती मन लावून शिकवतेय मी!

पुढच्या रविवारी ते 'यस' आणि 'नो' एवढंच बोलले. त्याच्या पुढच्या रविवारी आलेच नाहीत. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. मराठीत.

'मॅडम, थोडे दिवस थांबतो. आधी कॉलवर तोडकंमोडकं का होईना, बोलायचो. आता वाक्य सुरू करायच्या आधीच तुमचा आवाज ऐकू येतो. परवा क्लायंटने विचारलं, रिलीज का अडकलं. मला कारण माहीत होतं. मी वाक्य जुळवत बसलो, तोवर ज्युनियरने सांगून टाकलं. चुकीचं सांगितलं. सगळी टीम रात्रभर नको त्या ठिकाणी बग शोधत बसली.'

वाचून कानशिलं गरम झाली. चष्म्याच्या वरून बघणारे ते साहेब आठवले. फरक एवढाच, की मला चष्मा नाही.

त्या रात्री नेहमीप्रमाणे आईचा फोन आला. 'जेवलीस का?'

'जेवलेय.'

'कधी?'

'साडेआठला जेवले.'

फोन ठेवला आणि ट्यूब पेटली. मर्फीच्या पुस्तकात ज्याच्यावर पानंच्या पानं खर्ची पडलीत, तो प्रेझेंट परफेक्ट मी आईला रोज रात्री ऐकवते! 'जेवलेय', म्हणजे आत्ता पोट भरलेलं आहे. आय हॅव ईटन. 'साडेआठला जेवले', म्हणजे वेळ सांगितली, गोष्ट संपली. आय एट ॲट एट थर्टी. हा फरक आपल्या मराठीत आहे की. आपल्याला तो कुणी शिकवला नाही आणि आपण तो चुकतही नाही.

मग वहीतल्या त्या तेवीस चुका परत काढल्या. या वेळी लाल पेन न घेता. 'काल मी एक मेल पाठवलाय' हे मराठीत झकास चालतं. इंग्रजीत 'यस्टरडे' आलं की 'हॅव'ला बाहेरचा रस्ता धरावा लागतो. 'सोमवारपासून' आणि 'अकरा वर्षांपासून', दोन्हीकडे आपला एकच 'पासून'. इंग्रजीला सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स' लागतो, आणि किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर'. शिवाय 'मी अकरा वर्षांपासून काम करतोय' मधला 'करतोय' आपण जसाच्या तसा उचलतो आणि 'ॲम वर्किंग' करून टाकतो. 'विषयी चर्चा केली' म्हणतो, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. म्हणजे हिंजवडीवाल्यांचं ते वाक्य अडाणी नव्हतंच. ते अगदी शुद्ध मराठी वाक्य होतं, फक्त इंग्रजी शर्ट घालून आलेलं.

हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं असंही नाही. आपल्याकडच्या कित्येक आजोबांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. मग 'इंग्रजी इंग्रजीतूनच शिका'चा जमाना आला आणि मराठी वर्गाबाहेर चपलांपाशी राहिली. नुसती भाषांतरं करून कुणी फाडफाड बोलायला लागत नाही, हे मान्य. पण चूक कुठून आली हे कळलं, की तिची लाज वाटणं बंद होतं.

हिंजवडीवाल्यांना फोन केला. ते तयार नव्हते. म्हटलं, क्लास नको, चहा तर घेऊ. वाकडच्या टपरीवर मी आधी सॉरी म्हटलं आणि मग 'जेवलेय' आणि 'जेवले'ची गोष्ट सांगितली. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, 'म्हणजे मॅडम, मला हे येत होतं?'

'येत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.'

आता आमच्या बॅचचा नियम बदललाय. पाच मिनिटं बोलायचं, मी मध्ये पडणार नाही. गुपचूप लिहून घेणार. शेवटी एकच चूक निवडायची आणि तिच्यामागची मराठी शोधायची. बाकीच्या बावीस पुढच्या रविवारांसाठी. सीव्ही असेल किंवा क्लायंटला जाणारा मेल, तर तिथे मात्र मी अजूनही खडूस आहे. लिहिलेलं राहतं, आणि सुधारायला वेळही असतो. बोलणाऱ्याला तो नसतो.

चमत्कार वगैरे झालेला नाही, हं. 'सिन्स इलेव्हन इयर्स' अजून अधूनमधून येतंच. फक्त आता त्यांचं त्यांनाच हसू येतं आणि ते पुढे बोलत राहतात.

तुमच्या टीममध्येही असा एखादा असेल. कॉलवर म्यूटवर बसणारा, डेस्कवर मात्र सगळ्यांचे प्रॉब्लेम सोडवणारा. पुढच्या वेळी तो अडखळला, तर त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या. कदाचित रिलीज का अडकलंय, ते फक्त त्यालाच माहीत असेल.

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता त्यांचा मेसेज आला. या वेळी इंग्रजीत. 'मॅडम, यस्टरडे आय हॅव टोल्ड द क्लायंट द रियल रीझन. ही ॲग्रीड!'

सवयीने बोटं चालली. 'टोल्ड. हॅव नको' असं टाइपही झालं होतं. मग बॅकस्पेस दाबला आणि नुसता अंगठा पाठवला.

तो 'हॅव' रविवारी बघू.