हिमालयाच्या अलीकडे

श्रावकाच्या बारा व्रतांत सहावे व्रत दिग्व्रताचे. दहा दिशांना आपल्या जाण्यायेण्याची हद्द ठरवून घ्यावी आणि आयुष्यभर ती ओलांडू नये, एवढाच त्याचा आशय. ही हद्द कशी आखावी, हे आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सांगून ठेवले आहे. प्रसिद्ध समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश किंवा योजनांचे अंतर, यांपैकी काहीही खूण म्हणून धरता येते. व्यापारी समाजाला हे व्रत का सांगितले असावे, हे वेगळे समजावण्याची गरज नाही. पाय जिथवर पोहोचतात तिथवर व्यवहार पोहोचतो आणि त्याच्यामागून लोभही. आज उपवास करणारे पुष्कळ आहेत, दिग्व्रत घेणारे मोजके. बार्शीच्या एका दांपत्यासमोर २०२४ च्या उन्हाळ्यात हे व्रत उभे राहिले, आणि तेही मोटारसायकलच्या प्रवासात.

गृहस्थ धान्याचे आडत व्यापारी. वय एकसष्ट. मार्केट यार्डात सगळे त्यांना भाऊ म्हणतात आणि घरीदारी त्यांच्या पत्नीला बाई. येथेही तीच नावे ठेवणे बरे. दुकान मुलाच्या हाती सोपवून भाऊंना वर्ष झाले होते. तरुणपणी हौसेने घेतलेली बुलेट त्यांनी कधी विकली नव्हती. तिची दुरुस्ती करून घेतली आणि एके दिवशी जेवताना त्यांनी विचार मांडला, "चातुर्मास लागण्यापूर्वी नेपाळला जाऊन येऊ. गाडीवर. दोघेच."

बाईंनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. त्याला कारण होते. एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ आणि एकविसावे नमिनाथ यांचा जन्म मिथिलेचा. मिथिलेची भूमी आज भारत आणि नेपाळ अशा दोन्ही देशांत पसरलेली आहे. सम्मेदशिखरजीची यात्रा बाईंना संघाबरोबर दोनदा घडली होती, पण मिथिलेला संघ जात नव्हता. ती माती पाहावी, ही त्यांची जुनी इच्छा. भाऊ म्हणाले, "जनकपूरला नेतो. मग पोखरा पाहू आणि परत येऊ."

मे महिन्याच्या आरंभी दोघे निघाले. सूर्योदयाला गाडी सुरू करायची, अकराच्या सुमारास धर्मशाळा किंवा मंदिर गाठायचे, ऊन उतरल्यावर पुन्हा निघायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचून जेवण उरकायचे, असा नेम ठरला. रात्री गाडी चालवायची नाही, हा बाईंचा आग्रह होता. रात्रीभोजनाचा त्याग हे एक कारण; दिव्याच्या झोतावर झेपावणारे किडे-पाखरे हे दुसरे. सामानात खाखरा, भाजलेले पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, एक लहान कुकर आणि पाणी गाळण्याचे फडके. दर वेळी गाडी सुरू केली की भाऊ मागे न पाहता विचारीत, "बसलीस?" बाई त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटीत. मग गाडी हले. नागपूर, जबलपूर, प्रयागराज, वाराणसी आणि मुजफ्फरपूर असा मार्ग धरून आठव्या दिवशी ते सीतामढीला पोहोचले.

भिट्ठामोडच्या सीमेवर भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. ओळखपत्र दाखवले की माणूस पलीकडे जातो. थांबावे लागते ते गाडीसाठी. नेपाळच्या जकात कार्यालयाला तिकडे भन्सार म्हणतात. गाडी जितके दिवस ठेवायची तितक्या दिवसांचे शुल्क तेथे आगाऊ भरावे लागते. भाऊंनी भारतीय शंभर रुपयांस नेपाळी एकशे साठ या दराने पैसे बदलून घेतले होते. पावतीवर साल २०८१ छापलेले पाहून त्यांना मौज वाटली, कारण त्यांच्या स्वतःच्या वहीत विक्रम संवत २०८० चालू होते. त्यांचे नवे वर्ष कार्तिकात लागते, नेपाळचे वैशाखात. घड्याळही तिथे पंधरा मिनिटे पुढे. भाऊंनी आपले घड्याळ बदलले नाही.

खिडकीतील कारकुनाने विचारले, "कहाँ तक जाना है?"

"मुक्तिनाथ," भाऊ म्हणाले, "बारा दिन."

बाई शेजारीच उभ्या होत्या. मुक्तिनाथ हे नाव त्यांनी प्रवासाच्या संदर्भात तेव्हा प्रथमच ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. गाडी सुरू झाली, "बसलीस?" असा प्रश्न आला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे दोनदा थोपटले.

जनकपूर हे तळ्यांचे गाव. टीकमगडच्या राणीने बांधवलेल्या जानकी मंदिरापाशी यात्रेकरूंची गर्दी होती. बाई एका तळ्याच्या पायरीवर बसून राहिल्या. दोन्ही तीर्थंकरांचे स्मरण करीत त्यांनी माळ पूर्ण केली. तेथे ना मानस्तंभ होता, ना शिखर. होते ते पाणी, आंब्याची झाडे आणि मैथिली बोलणाऱ्या बायका. दोन दिवसांनी निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "माझी यात्रा झाली. आता तुमची."

हेटौडा, नारायणगढ, मुगलिङ असा रस्ता चढत-वळत पोखऱ्याला जातो. तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे धुके विरले आणि माछापुच्छ्रे दिसला. माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले ६,९९३ मीटर उंचीचे शिखर. भाऊ हर्षभरित झाले. दुपारी त्यांनी अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात जाण्याच्या परवान्याचे दोन अर्ज आणले. दोन्ही भरले, फोटो चिकटवले आणि एक अर्ज बाईंपुढे ठेवला.

"इथे सही कर. उद्या बेनी, परवा जोमसोम, मग मुक्तिनाथ. ३,७०० मीटर उंच आहे. आपण गाडीवर हिमालयाच्या पलीकडे जाणार!"

बाईंनी पेन हाती घेतले नाही.

"पलीकडे मला जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझे दिग्व्रत आहे. उत्तरेला हिमालय, बाकी तिन्ही बाजूंना समुद्र."

भाऊंना ते ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि ध्यानात असणे यांत अंतर असते. २०१८ च्या दशलक्षण पर्वात बाईंनी हे व्रत घेतले, तेव्हा भाऊंनी ते 'बायकांचे नेमधर्म' या सदरात टाकून दिले होते. आता मात्र त्यांच्यातला व्यापारी जागा झाला.

"अगं, देशाची हद्द ओलांडलीस, तेव्हा व्रत कुठे मोडले?"

"मी देश धरला नव्हता, पर्वत धरला होता. जनकपूर पर्वताच्या अलीकडेच आहे."

"मग पोखरासुद्धा हिमालयातच आलं की! डोंगर तर केव्हाच सुरू झाले."

"तोच विचार मी दोन दिवस करते आहे. बर्फाचा डोंगर समोर दिसतो, तोवर मी अलीकडे. तो पाठीमागे गेला की पलीकडे."

"भद्रबाहू स्वामी नेपाळात राहिले होते, असं श्वेतांबर मंडळी सांगतात ना?"

"ते ध्यानासाठी राहिले. तुम्ही गाडी फिरवायला निघालात."

भाऊ हसले, पण त्यांनी प्रयत्न सोडला नाही. "असं कर. दक्षिणेकडच्या समुद्रापर्यंत तू काही जाणार नाहीस. तिकडची दोनशे किलोमीटर कमी कर आणि इकडे वाढव. हिशोब जुळला."

आता बाईही हसल्या. "या जमाखर्चाला शास्त्रात नाव आहे. क्षेत्रवृद्धी."

तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वर, खाली आणि आडव्या दिशांना हद्द ओलांडणे हे पहिले तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने क्षेत्र वाढवणे. एका दिशेचे उरलेले अंतर दुसऱ्या दिशेला जोडणे हे त्याचे उदाहरण प्रवचनात नेहमी दिले जाते. पाचवा अतिचार स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली हद्द विसरणे. चौथा भाऊंनी नुकताच सुचवला होता आणि पाचवा, पत्नीच्या वतीने, सीमेवरच्या खिडकीत केव्हाच केला होता.

"मी इथे सुखाने थांबते," बाई म्हणाल्या. "तुमचे व्रत नाही. तुम्ही जाऊन या."

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला भाऊ एकटेच निघाले. बेनी तेथून ऐंशीएक किलोमीटर. तेथे काली गंडकी भेटते. धौलागिरी आणि अन्नपूर्णा या दोन अजस्र पर्वतांच्या मधून ती उत्तरेकडून वाहत येते. मुक्तिनाथचा रस्ता तिच्याच काठाने वर जातो. नदीकाठी चहाच्या टपरीवर भाऊ बसले. पाणी राखी रंगाचे होते. गाडीवर झेंडे लावलेली तरुण मुले वरच्या बाजूला निघून गेली. रस्ता पुढे खुला होता. परवाना खिशात होता.

चहा संपवून भाऊंनी गाडी सुरू केली आणि सवयीने विचारले, "बसलीस?"

खांद्यावर कुणी थोपटले नाही. इंजिन चालू ठेवून ते तसेच बसून राहिले. डोळ्यांपुढे काली गंडकी नव्हती, बार्शीचे स्वयंपाकघर होते. साल २०१६. आदल्या वर्षी तुरीचे भाव आभाळाला भिडलेले. लातूरला गोदाम घ्यायचे आणि तूर भरून ठेवायची, असे भाऊंनी ठरवले. कर्जासाठी घर गहाण टाकावे लागणार होते. घर बाईंच्या नावावर होते. पोळ्या लाटत असलेल्या बाईंपुढे कागद ठेवून ते म्हणाले होते, "इथे सही कर." बाईंनी हात पुसले आणि सही केली. त्या हंगामात तुरीचे विक्रमी पीक आले. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये असताना बाजारभाव त्याच्याही खाली उतरला. गोदाम गेले, बाईंच्या पाटल्या गेल्या, घर तेवढे वाचले. बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी दिग्व्रत घेतले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, हे भाऊंच्या मनात सहा वर्षांत एकदाही आले नव्हते. पत्नीला बजावून सांगता येत नव्हते, म्हणून तिने आपल्यापुरती रेघ ओढून घेतली होती.

भाऊंनी गाडी वळवली.

रस्ता खराब होता. वाटेत पंक्चर झाले. पोखऱ्याच्या अलीकडे घड्याळात सहा वाजून पाच मिनिटे झालेली पाहून त्यांना हायसे वाटले. मग आठवले, हे भारतातले घड्याळ. इथे सहा वीस झाले. सूर्य मात्र दोन्ही घड्याळांना विचारीत नाही. ते पोहोचले तेव्हा डोंगरावर थोडे ऊन उरले होते. बाई अंगणात उभ्या होत्या. मुगाची खिचडी दोन ताटांत वाढलेली होती आणि दोन्ही ताटे झाकलेली.

"तुम्ही आज येणार नव्हतात," त्या म्हणाल्या.

"मग दोन ताटे का वाढलीस?"

बाईंनी उत्तर दिले नाही. दिवस मावळण्यापूर्वी दोघांचे जेवण झाले. हात धुऊन झाल्यावर भाऊ म्हणाले, "लातूरच्या कागदावरची ती सही. मी तुला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. क्षमावाणीला दर वर्षी हात जोडले, पण ते सगळ्या चुकांची मिळून एकच रक्कम लिहावी तसे. ही एक नोंद कधी वेगळी लिहिली नाही."

अंधार पडत होता. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सीमेवरही विचारलं नव्हतंत. काल विचारलंत. तेवढं पुरे."

गेस्ट हाउसच्या मालकाने सकाळी निरोप देताना माछापुच्छ्रेची हकीकत सांगितली. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी या शिखरावर चढली. माथ्यावर पाऊल ठेवणार नाही, असा शब्द त्यांनी आधी दिला होता. माथा सुमारे दीडशे फुटांवर आला तेव्हा ते थांबले आणि परतले. त्यानंतर ते शिखर गिर्यारोहकांना बंदच आहे. बाई शिखराकडे पाहत होत्या. भाऊ गाडीवर सामान बांधत होते, पण ऐकत होते.

भैरहवाकडून सोनौलीच्या सीमेवर ते नवव्या दिवशी पोहोचले. भन्सारचे तीन दिवसांचे पैसे वाया गेले होते. पन्नास वर्षे पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाने ते वहीत लिहिले, पण नावे टाकताना त्याचा हात थोडा थांबला.

पाऊस लागण्यापूर्वी दोघे घरी पोहोचले. महिनाभराने मुलाने सोलापूरला दुसरे दुकान घेण्याचा बेत वडिलांपुढे मांडला. जागा चांगली होती, कर्जही मिळत होते. तारण म्हणून सुनेच्या नावावरचा प्लॉट द्यायचा होता. भाऊंनी कागद नीट वाचले, व्याजाचा दर पाहिला, भाडे विचारले. मग कागदांची घडी घालून त्यांनी ते मुलाच्या हातात दिले.

"सगळं बरोबर दिसतं आहे," ते म्हणाले. "सुनेला विचारलंस का?"

"सांगितलं आहे, भाऊ."

"सांगितलंस ते कळलं. विचारलंस का?"