पहिली घंटी कुणाकडे?

गाळ्यात शिरलो की पिशवी खाली ठेवायची आणि शेठला एकच प्रश्न विचारायचा, "पहिली घंटी कुणाकडे वाजवायची?"

लाइनी किती, एक्स्टेंशन किती, केबल भिंतीवरून न्यायची की सीलिंगमधून, हे सगळं नंतर. या प्रश्नाला बहुतेक शेठ जरा अडखळतात. मग छाती किंचित पुढे काढून म्हणतात, "माझ्याकडे." मी मान डोलावतो, वहीत लिहून घेतो आणि मागच्या पानावर पेन्सिलीनं खरं उत्तर टिपून ठेवतो : डिस्पॅचच्या मॅडम. आत येताना पाहिलेलं असतं ना! शेठच्या टेबलावर तीन मोबाइल पालथे पडलेत, आणि जिन्याखाली चलन फाडत बसलेल्या मॅडमना विचारल्याशिवाय दारातला टेम्पो जागचा हलत नाही. आठ-दहा दिवसांनी शेठचाच फोन येतो. "काका, ते माझ्याकडचं काढून टाका बघू."

वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली, नवघर या पट्ट्यात मी १९९६ पासून ईपीएबीएक्स बसवतोय. एवढं लांबलचक नाव फक्त बिलावर. गाळ्यांमधून सगळे 'बोर्ड' म्हणतात. बाहेरून येणाऱ्या तीन लाइनी आणि आत आठ फोन असले तर 'थ्री-एट'. भिंतीवर टांगलेला जेवणाच्या ताटाएवढा डबा, आत एक कार्ड, एक पॉवर सप्लाय आणि अधूनमधून टिक् करणारे रिले. 'आमच्याकडे आठ फोन आहेत' असं पाहुण्यांना सांगणाऱ्या शेठकडे लाइनी दोन नाहीतर तीनच असतात. उरलेली श्रीमंती त्या डब्याची.

आमच्या धंद्याचा मूळपुरुष मयताचं सामान विकणारा, अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारा माणूस होता हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्रॉजर. गोष्ट अशी सांगतात, की तिथल्या एक्सचेंजवर बसणारी बाई त्याच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एकाची बायको होती आणि कुणाच्या घरी कुणी गेलं, की तिथून येणारा फोन ती गुपचूप आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे. पण मधला माणूस काढून टाकून यंत्रानंच नंबर जोडायचा, याचं पेटंट स्ट्रॉजरला १८९१ साली मिळालं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्टला तसलं एक्सचेंज सुरू झालं, एवढं पक्कं. पहिली घंटी भलत्याकडे गेली तर माणूस काय काय करून बसतो!

माझे उस्ताद म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमन. पापडीला राहायचे, सायकलवर केबलचं भेंडोळं टाकून फिरायचे. त्यांनी आधी रंग पाठ करून घेतले : पांढऱ्याबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, मग तांबड्याबरोबर तेच पाच, मग काळ्याबरोबर, पिवळ्याबरोबर, जांभळ्याबरोबर. झाल्या पंचवीस जोड्या. अजूनही झोपेत विचारलंत तर सतरावी जोडी पिवळा-नारिंगी सांगीन. दुसरा धडा, तार दातानं सोलायची नाही. हे ते स्वतः दातानं तार सोलतासोलता सांगायचे. फोन गप्प असतो तेव्हा तारेत ४८ व्होल्ट असतात, ते जिभेला नुसते आंबट लागतात. पण नेमकी त्याच वेळी घंटी आली, तर ७५ व्होल्ट सेकंदाला पंचवीस वेळा उलटसुलट होत येतात. माझ्या आयुष्यातली पहिली घंटी अशी माझ्या जिभेवर वाजलेली आहे.

खरं शिक्षण कानाचं. तारेला दोन चिमटे लावून बट कानाशी धरायचा. बट म्हणजे कमरेला अडकवायचा आमचा तपासणीचा फोन. खरखर आली तर कुठला तरी सांधा सुटलाय. सलग गुणगुण आली तर तार विजेच्या केबलला घासून गेलीय नाहीतर ओलीला टेकलीय. आणि फोन अगदी उत्तम चालतोय, पण मागे अकाउंटच्या साहेबांचं बोलणं पुसट ऐकू येतंय, तर जोडी फुटलीय. दोन जोड्यांमधली एकेक तार कुणीतरी घाईत अदलाबदल करून टोचलेली असते. एकमेकींना पीळ घातलेल्या तारा बाहेरचा आवाज आपापसात जिरवतात. जोडी फोडली की दोघी दुसऱ्याचं ऐकायला लागतात. ही चूक मीटरला सापडत नाही. मीटर म्हणतो, तार सलग आहे. असते सलग, नुसती परक्या घरात नांदत असते.

आता शून्याची गोष्ट. वसईच्या टेलिफोनचं सगळं दुखणं म्हणजे आमची खाडी. पलीकडे भाईंदर, तिथे ०२२. अलीकडे नायगाव, तिथून ०२५०. कारखाना वालीवला आणि शेठची पेढी मशीद बंदरला. लोकलनं तासाभराची वाट, पण फोन उचलला की एसटीडी. दिवसातून वीस वेळा 'माल निघाला का?' एवढंच विचारायचं आणि बिल बघून शेठनं कपाळाला हात लावायचा. त्यामुळे बोर्ड बसवायला गेलं की पहिली मागणी एसटीडी लॉकची. तेव्हा सोपं होतं. शून्यानं सुरू होणारं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा एक नियम बोर्डात घातला की झालं. ज्याला परवानगी, त्याला चार आकडी कोड. शेठचा कोड त्यांच्याच गाडीचा नंबर असायचा आणि तो हेल्परपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असायचा, तो भाग वेगळा.

पुढे जवळच्या अंतरासाठी ९५ आलं. मुंबईहून वसईला लावायचं तर ९५२५०, इकडून मुंबईला ९५२२. स्वस्त झालं म्हणून शेठ खूश. पण माझा नियम शून्याला अडवत होता आणि ९५मध्ये सुरुवातीला शून्य कुठाय? महिन्याभरात पॅकिंग खात्यातल्या पोरांना शोध लागला, की लॉक असलेल्या फोनवरूनही मुंबई लागते. मी धावत जाऊन गाळ्यागाळ्यात ९५ला कुलूप घातलं. काही वर्षांनी ती पद्धत गेली, आणि ९५नं सुरू होणारे मोबाइल नंबर आले. झालं! "काका, सगळ्यांना फोन लागतो, एका पार्टीलाच लागत नाही." त्या पार्टीचा नंबर विचारला की पहिले दोन आकडे ऐकूनच मी पिशवी उचलायचो. मीच लावलेलं कुलूप, मीच विसरलेलो. शेवटचा अंक १५ जानेवारी २०२१ला. त्या दिवसापासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावणं सक्तीचं झालं, आणि पंचवीस वर्षांपूर्वी ज्या शून्याला मी कोंडलं होतं तेच आता प्रत्येक कॉलला हवं झालं. त्या आठवड्यात मी सत्तावीस गाळे फिरलो. एका ठिकाणचे जुने शेठ म्हणाले, "तेव्हा बंद करायचे पैसे घेतलेत, आता उघडायचे घेता?" घेतले.

बोर्डाला येतं पुष्कळ. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन दोन आकडे दाबून आपल्याकडे ओढता येतो, रात्रीची घंटी दिवसापेक्षा वेगळीकडे पाठवता येते. इमारतींच्या इंटरकॉममध्ये तर फ्लॅटचा नंबरच एक्स्टेंशन करतो : बी विंग ३०२ म्हणजे २३०२, वॉचमनला वेगळी यादी लागत नाही. एक गोष्ट मात्र मी कधीच मन लावून शिकवत नाही, ती म्हणजे दुसऱ्याच्या चालू बोलण्यात शिरणं. शिरताना दोघांनाही एक बारीक टोन ऐकू यावा अशी सोय असते. शेठ दबक्या आवाजात विचारतात, "तो टोन बंद होतो का?" होतो. मी नाही म्हणून सांगतो. तीस वर्षांत एवढं एकच खोटं नेमानं बोललो असेन.

'नमस्कार, आपलं स्वागत आहे' हे रेकॉर्ड करायचं कामही माझ्याच अंगावर येतं. एकदा रेंज नाक्याजवळच्या एका प्रेसच्या गाळ्यात ऑफिसातल्या ताईंनी अकरा वेळा ते वाक्य म्हटलं, आणि अकराही वेळा मागून पॉवर प्रेसचा धाप्प, धाप्प आवाज आला. मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत करू. शेठनी ऐकून पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. कारखाना चालू आहे, हे गिऱ्हाइकाला कळतं." जाहिरातीचं शिक्षण याहून वेगळं काय असतं?

जुलै २०१८मध्ये, ९ आणि १० तारखेला, वसई-विरार पाण्यात गेलं. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, आणि माझ्या भागातली वीज दीड दिवस आली नाही. पाणी ओसरल्यावर मला हाका सुरू झाल्या. सातिवलीतल्या एका गाळ्यातली तक्रार मजेशीर होती : फोन वाजतच नाही, बाहेरून लावलं की कायम एंगेज. जाऊन बघतो तर कुणीतरी पैसे वाचवायला केबलचा डबा जिन्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेला. झाकण काढलं, आतून गढूळ पाणी आणि एक मेलेला खेकडा बाहेर आला.

बोर्डाला बिचाऱ्याला जगातलं एकच कळतं. दोन तारा एकमेकींना मिळाल्या, त्यांतून करंट वाहायला लागला, म्हणजे कुणीतरी रिसीव्हर उचलला. इथे रिसीव्हर पाण्यानं उचलला होता. बोर्डानं पाण्याला डायल टोन दिली, पाणी नंबर लावील म्हणून वाट पाहिली, लावला नाही म्हणून एंगेज टोन दिली आणि शेवटी ती जोडीच बाजूला टाकली. मी बट लावून ऐकलं. टोनच्या मागे एक बारीक सळसळ होती. बॅटरीखाली धरलं तर प्रत्येक जोडीतली एक तार लखलखीत आणि दुसरी हिरवी, बोटानं चुरा होईल अशी. पाण्यातून करंट गेला की धन बाजूचं तांबं झिजतं. म्हणून तर एक्सचेंजवाले जगभर उणे ४८ व्होल्ट ठेवतात. जमिनीतल्या केबलमध्ये ओल मुरली तरी तांबं टिकावं म्हणून. त्या दिवशी मी केबल छातीच्या उंचीवर नवी ओढली आणि भिंतीवर पाण्याची रेघ होती तिथे तारीख लिहून ठेवली.

वालीवचा दुसरा एक गाळा. तिथे बोर्ड बसवताना मी एक साधं काम केलं होतं. वीज गेली आणि बोर्ड मेलं, की आतला रिले सुटतो आणि बाहेरची एक लाइन थेट ठरलेल्या एका फोनला जाऊन मिळते. हा फोन कुणाचा, असं शेठला विचारलं तर ते 'माझा' म्हणणार हे ठाऊक होतं. म्हणून विचारलंच नाही. वॉचमनमामांच्या केबिनला दिला. रात्री तिथेच माणूस असतो. पाणी आलं तेव्हा बावीस कामगार पोटमाळ्यावर अडकले. मोबाइल संध्याकाळपर्यंत एकेक करून मेले. मामांची केबिन चार पायऱ्या उंचावर, तांब्याची लाइन एक्सचेंजच्या बॅटरीवर जिवंत. ऑफिसचा नंबर घरच्यांकडे होताच. मामा फोन घ्यायचे, नाव ऐकायचे, पाण्यात उतरून गाळ्याकडे तोंड करून ते नाव ओरडायचे, वरून 'ओ' आली की परत येऊन सांगायचे, "आहे, बरा आहे, जेवला नाही." पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा केबिनमध्ये एका पुठ्ठ्यावर खडूच्या उभ्या रेघा होत्या. फोन आला की एक रेघ. मोजल्या तर सदतीस. कशासाठी मारल्या, असं विचारलं, तर म्हणाले, "शेठनी बिलाचं विचारलं तर? सगळे इनकमिंग होते."

हल्ली डबा नाही, सगळं इंटरनेटवर. लँडलाइनसुद्धा फायबरवर आली, त्यामुळे वीज गेली की तीही गप्प. मला स्क्रीनवर नावं ओढूनताणून बसवावी लागतात, पोरं शिकवतात. गेल्या महिन्यात वॉशर बनवणाऱ्या एका गाळ्यात सहा फोन लावले. धाकट्या शेठना नेहमीचा प्रश्न विचारला. पोरगा शिकलेला, म्हणाला, "कुणाकडे कशाला? सगळ्यांकडे एकदम वाजू दे. जो मोकळा असेल तो उचलेल." तसं केलं. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं, सिस्टिम बिघडलीय, दिवसाला पंधरा-पंधरा कॉल चुकतात.

सोमवारी गेलो. पिशवी खाली ठेवतोय तोच घंटी सुरू झाली. सहाही फोन एका सुरात. अकाउंटवाल्यानं सेल्सवाल्याकडे पाहिलं, सेल्सवाल्यानं धाकट्या शेठच्या केबिनकडे, केबिनमधून कुणी मान वर केली नाही. चौथ्या घंटीला मीच उचलला.

"हां, बोला."

"बारा एमएमचे वॉशर काय भाव?"

"एक मिनिट हं." मी रिसीव्हरवर हात ठेवून मागे वळलो. "बारा एमएम कोण बघतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यात वजनकाट्याशी बसून पिशव्यांना सील मारणारी पोरगी मान वर न करता म्हणाली, "पितळी की लोखंडी, ते विचारा आधी."

मी फोनमध्ये ते विचारलं आणि खिशातली पेन्सिल काढली.