सव्वा मिलिमीटरची फट

टर्बाइनच्या शाफ्टपासून जेमतेम सव्वा मिलिमीटरवर प्रोब बसवायचा असतो. करंगळीपेक्षा बारीक टोक, आत तांब्याची चपटी कॉइल. तिच्यात मेगाहर्ट्‌झच्या घरातला प्रवाह सोडला की समोरच्या पोलादाच्या वरच्या थरात भोवरा-प्रवाह उठतात आणि कॉइलची ऊर्जा खातात. फट घटली की जास्त, वाढली की कमी. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या, तेलाने निथळणाऱ्या शाफ्टला न शिवता त्याचं कंपन मोजायचं, तर मला याहून बरं साधन ठाऊक नाही.

प्रोब बसवताना माझी नजर व्होल्टमीटरवर असते. सप्लाय उणे २४ व्होल्ट. रीडिंग उणे १० च्या आसपास आलं की चेकनट आवळायचा. मिलिमीटरला ७.८७ व्होल्ट, असा हिशेब. नट आवळताना प्रोब थोडा फिरतोच, म्हणून पुन्हा बघायचं. केबल लांब झाली तर वेटोळं करून बांधा, पण कापू नका. तिची लांबी कॅलिब्रेशनमध्ये धरलेली असते. हे दरवेळी नव्या पोराला सांगावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. हे माप एकट्या शाफ्टचं नसतंच. प्रोब बेअरिंगच्या हाउसिंगवर बसलेला, त्यामुळे कळते ती फक्त दोघांमधली हालचाल. हाउसिंगखालचं पेडेस्टल लवचीक असेल आणि शाफ्टबरोबर तेही झुलत असेल, तर प्रोब खुशाल 'सगळं ठीक' म्हणतो. एकाच एसटीत शेजारी बसलेल्यांना एकमेकांचे हिसके दिसत नाहीत, तसं.

म्हणून पेडेस्टलवर वेगळा व्हेलॉसिटी पिकअप लावतात. त्यातही कॉइलच, पण स्प्रिंगवर तरंगती. चुंबक खोक्याला पक्का. कॉइल जागेवर राहते आणि खोकं हलतं, असं गृहीत धरलेलं. ५० हर्ट्‌झला ते चालतं. बॅरिंग गिअरवर शाफ्ट रेंगाळत फिरतो तेव्हा मात्र तरंगती कॉइलही खोक्याबरोबरच जाते आणि पिकअप मुका होतो. शाफ्टची खरी हालचाल हवी, तर दोन्ही मापांची बेरीज करायची, तीही फेज सांभाळून. नुसते आकडे मिळवले तर उत्तर चुकतं.

कंट्रोल रूमला हवे असतात फक्त मायक्रॉन. मी काटकोनात बसवलेल्या दोन्ही प्रोबचं गॅप व्होल्टेजही टिपून ठेवतो. कंपन होतं तेवढंच, लोड तोच, तेलाचं तापमानही तेच, आणि गॅप मात्र महिन्यागणिक एकाच दिशेने सरकतोय, म्हणजे बेअरिंगचं बॅबिट अस्तर झिजत असण्याचा संशय घ्यायचा. मग पुढच्या शटडाउनला ते बेअरिंग उघडा, असं मी लिहून देतो. कंपन वाढलेलं नसताना का उघडायचं, यावर शिफ्ट इंजिनिअरशी वाद ठरलेला.