सुटलेला झेल

क्षेत्ररक्षकाच्या हातून झेल सुटतो त्या क्षणी प्रेक्षकाला जो संताप येतो, तो मला मनुष्यस्वभावातील एक अत्यंत निर्मळ विकार वाटतो. या संतापात स्वार्थाचा लवलेश नसतो. झेल सुटल्याने आपली पगारवाढ थांबत नाही, की चुलीवरचे दूध नासत नाही. तरीही आपण कपाळावर हात मारून घेतो, त्या बिचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि पुढच्याच षटकात त्याने जिवाच्या आकांताने धावून चौकार अडविला म्हणजे त्याला मोठ्या मनाने क्षमाही करून टाकतो. राग आणि क्षमा यांची इतकी निरुपद्रवी देवघेव दुसऱ्या कोणत्या पेठेत चालत असेल असे मला वाटत नाही.

ही सारी देवघेव एका विश्वासावर चालते. झेल सुटला तो सुटला. कोणी सोडला नाही, हा तो विश्वास. 'सुटणे' आणि 'सोडणे' ही क्रियापदे मराठीत एकमेकांच्या इतकी शेजारी राहतात की, बोलण्याच्या ओघात आपण त्यांच्यातील भेद सहज पुसून टाकतो. परंतु खेळ नावाची जी वस्तू आहे, तिचा संसार या दोन घरांमधल्या अरुंद बोळातच थाटलेला आहे. सुटलेल्या झेलाला क्षमा आहे. सोडलेल्या झेलाला नाही. आणि सुटला की सोडला हेच जेव्हा कळेनासे होते, तेव्हा मनसोक्त रागावण्याचीही सोय उरत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा महाविद्यालयात शिकतो. सुटीत तो आमच्याकडे आला म्हणजे आम्ही दोघे मिळून सामने पाहतो. अशाच एका सामन्यात सोपा झेल जमिनीवर पडला आणि मी नेहमीप्रमाणे खुर्चीतून उठून ओरडलो. तो मात्र स्वस्थ होता. "मामा, कशाला त्रास करून घेता?" तो म्हणाला, "हे सगळं आधीच ठरलेलं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, खेदही नव्हता, उद्या पाऊस पडेल असे सांगावे तितक्या सहजपणे तो बोलला, आणि पुन्हा सामना पाहू लागला. त्याच्याजवळ पुरावा काहीच नव्हता, आणि त्या क्षेत्ररक्षकावर तो उघड उघड अन्याय करीत होता. परंतु मला अधिक वाईट वाटले ते त्या मुलाविषयी. ज्या वयात एका झेलासाठी जेवण जाऊ नये त्या वयात माझे जाते, आणि ज्या वयात जावे त्या वयात त्याचे जात नाही!

त्याचा संशय सर्वस्वी निराधार आहे असेही मला म्हणता येईना. क्रिकेटचा पाळणाच मुळी पैजेच्या दोरीने हलविला गेला आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडात सरदार-जमीनदारांनी या खेळाला आश्रय दिला तो बव्हंशी पैजा लावण्यासाठी. १७७४ च्या नियमावलीत पैजांचा निकाल कसा लावावा याचीही तरतूद होती. लॉर्ड्सच्या मैदानावर पैजा घेणारे राजरोस बसत. १८१७ साली विल्यम लँबर्ट नावाच्या फलंदाजाने एकाच सामन्यात दोन शतके काढण्याचा पराक्रम केला. आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका सामन्यात तो मुद्दाम वाईट खेळला असा आरोप येऊन त्याला लॉर्ड्सचे दार कायमचे बंद झाले. 'सभ्य गृहस्थांचा खेळ' ही कीर्ती क्रिकेटला जन्मतः लाभलेली नाही. ती त्याने पुढे कमावली. आणि जे कमवावे लागते ते गमावताही येते.

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. पैज लावणे निराळे आणि सामना ठरविणे निराळे. पैज लावणाऱ्याला अनिश्चितता हवी असते. तीच त्याची नशा. ठरवून घेणाऱ्याला निश्चितता हवी असते. तोच त्याचा धंदा. म्हणजे ठरविणारा जो पहिला खिसा कापतो तो दुसऱ्या पैज लावणाराचाच. आपल्याकडे पहिलवानांनी आधी संगनमत करून लढलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' असा एक रोखठोक शब्द आहे. त्या शब्दात तिरस्कार आहे, तसा प्रेक्षकाच्या जाणकारीचा अभिमानही आहे. खरा जोर कोणता आणि लटका कोणता, हे आखाड्याच्या कडेला बसलेल्या जाणत्या माणसाच्या डोळ्यांतून सहसा निसटत नसे. क्रिकेटमध्ये या जाणकारीचा काही उपयोग होत नाही. येथे सबंध कुस्ती नुरा असावी लागत नाही. एक पाऊल नुरा असले तरी पुरते.

२०१० च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर नेमके असेच घडले. पाकिस्तानच्या मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर या गोलंदाजांनी आधी ठरलेल्या चेंडूंवर रेषेपुढे पाऊल टाकून नोबॉल टाकले. कर्णधार सलमान बट त्या कटात सामील होता. एका नोबॉलने सामना हरत नाही, की जिंकतही नाही. म्हणूनच तो विकण्यास सोपा. 'आपण संघाला दगा देत नाही, केवळ एक धाव देतो,' अशी मनाची समजूत घालण्यास त्यात पुरेशी जागा असते. २०११ च्या नोव्हेंबरात लंडनच्या न्यायालयाने तिघांनाही तुरुंगात पाठविले. आमिर त्या सामन्याच्या वेळी अवघा १८ वर्षांचा होता, आणि त्याच डावात त्याने ८४ धावांत ६ बळी घेतले होते. ते सहा बळी खरे होते. परंतु आज त्यांची आठवण कोण काढतो? आणि प्रतिपक्षाचे काय? त्याच सामन्यात जोनाथन ट्रॉट आणि स्टुअर्ट ब्रॉड यांनी आठव्या जोडीसाठी ३३२ धावांची भागीदारी केली. त्यांनी कोणाचे काय वाकडे केले होते? तरी त्या सामन्याचे नाव निघाले की पहिल्याने आठवतात ते नोबॉल. दुधाच्या हंड्यात मिठाचा खडा टाकणारा आपल्या वाटणीचेच दूध तेवढे नासवू शकत नाही.

दुसरा प्रसंग आपल्या नागपूरचा आहे. १९ मार्च २००० रोजी तेथे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा एकदिवसीय सामना झाला. पुढे एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोन्ये याच्यावर आरोप ठेवला, आणि किंग आयोगापुढे जी हकीकत उघड झाली ती अशी : क्रोन्येने या सामन्यात हर्शेल गिब्ज याला २० पेक्षा कमी धावा काढण्यासाठी १५ हजार डॉलर देऊ केले होते, आणि हेन्री विल्यम्स या गोलंदाजाला ५० पेक्षा अधिक धावा देण्यासाठी तितकेच. दोघांनीही होकार दिला. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा काढल्या. विल्यम्सचा खांदा दुखावल्यामुळे तो अकरा चेंडू टाकूनच थांबला. सौदा फिसकटला तरी दोघांवर सहा महिन्यांची बंदी आली, आणि क्रोन्येवर आजन्म.

त्या दिवशी उन्हात बसलेल्या हजारो नागपूरकरांचे चित्र माझ्या मनापुढे पुष्कळदा उभे राहते. गिब्जने विसावी धाव काढली तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती एक साधी धाव होती. तिच्यात केवढे नाट्य भरले होते याचा त्यांना गंधही नव्हता. समजा, तो एकोणीस धावांवर बाद झाला असता, तर त्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या असत्या, आणि ज्या गोलंदाजाने त्याला बाद केले असते तो घरी जाऊन आपल्या चेंडूचे मोठ्या अभिमानाने वर्णन करीत बसला असता. फसविला गेलेला माणूस दुःखी असतो असे आपण समजतो. पण ज्याला आपण फसविलो गेलो हे कळतच नाही, त्याच्या आनंदाइतकी केविलवाणी वस्तू दुसरी नाही.

म्हणूनच व्यावसायिक खेळाडूला आपल्या खेळावर पैज लावण्याची जी सरसकट मनाई आहे, ती मला योग्य वाटते. "मी स्वतः मन लावून खेळतो, मग चार पैसे लावले तर बिघडले कुठे?" असा प्रश्न पुष्कळांना सुचतो. त्याचे उत्तर १९८१ च्या हेडिंग्ली कसोटीत आहे. फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडच्या विजयावर त्या वेळी एकास पाचशे असा भाव होता. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने १० पौंड आणि रॉड मार्शने ५ पौंड आपल्या प्रतिपक्षावर लावले. त्यांना ती गंमत वाटली. परंतु बोथमने नाबाद १४९ धावा काढल्या, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले, इंग्लंड १८ धावांनी जिंकले, आणि या जोडीच्या पदरात साडेसात हजार पौंड पडले. ते दोघे जिवापाड खेळले याविषयी क्रिकेटच्या जाणकारांना शंका नाही. त्या वेळी अशा पैजेला मनाई करणारा नियमही नव्हता. तरीही इतक्या वर्षांनी त्यांच्या सचोटीची ग्वाही आपल्याला द्यावी लागते, यातच सर्व काही आले. ज्याच्या सचोटीला साक्षीदार शोधावे लागतात, त्याने काहीतरी गमावलेलेच असते.

"पण आपल्याच संघाच्या विजयावर लावली तर?" हा त्यापुढचा प्रश्न. अमेरिकेतील बेसबॉलचा महान खेळाडू पीट रोझ याने संघाचा व्यवस्थापक असताना आपल्या संघावर पैजा लावल्या, म्हणून १९८९ साली त्याला खेळातून कायमचे बाहेर काढण्यात आले. त्याचे नाव बंदीच्या यादीतून निघाले ते त्याच्या मृत्यूनंतर, २०२५ साली. संघाविरुद्ध आपण कधीही पैज लावली नाही, असे तो सांगत असे. ते खरे धरून चालू. पण जो रोज विजयावर पैसे लावतो, तो ज्या दिवशी लावीत नाही त्या दिवशी काय समजावे? त्याची पैजही बोलते आणि त्याचे मौनही बोलते. आणि दोन्ही ऐकणारे कान बाजारात टपलेले असतातच.

या नियमांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कोणी लालूच दाखविली तर ती नाकारणे एवढेच पुरत नाही. ते अधिकाऱ्यांना तत्काळ कळविले पाहिजे. बांगलादेशाचा कर्णधार शाकिब अल हसन याच्यावर २०१९ साली जी बंदी आली, ती पैसे घेतल्याबद्दल नव्हे, तर झालेली विचारणा कळविली नाही म्हणून. सामन्याच्या वेळी खेळाडूंना आपले फोनही जमा करावे लागतात. पूर्वी आपल्याकडे वादी-प्रतिवादींना दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढून निर्दोष हात दाखवावा लागे. आजचा खेळाडू पोशाखघराच्या दारात रोज असेच एक लहानसे दिव्य करतो. यात अपमान आहे खरा. परंतु याच अपमानामुळे उद्या त्याच्या हातून झेल सुटला तर 'सुटला' असे म्हणण्यास आपल्याला आधार मिळतो. नियमांनी त्याच्या विजयाला काही दिलेले नाही. त्यांनी त्याच्या चुकीला अब्रू दिली आहे.

मात्र हे दिव्य एकट्या खेळाडूनेच करावे काय? इंडियन प्रीमियर लीगच्या २०१३ च्या हंगामातील प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१५ साली चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले, ते संघाच्या मालकवर्गातील व्यक्तींनी पैजा लावल्या म्हणून. त्यानंतरही कित्येक वर्षे असे दृश्य होते की, ज्या खेळाडूला स्वतःच्या धावांवर एक रुपया लावण्याची बंदी, त्याच्याच छातीवर अशा कंपनीचे नाव, जिच्याद्वारे प्रेक्षकाने त्या धावांवर रुपये लावावे! तो पैजेचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा न्यायालयांनी दिला होता हे मी जाणतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्या छातीवरचे नाव उतरले. परंतु आधीच्या त्या वर्षांत आमच्या भाच्याच्या पिढीला जे शिक्षण मिळायचे ते मिळून गेले. सामना पाहताना कोणी जिंकावे असे वाटण्यापेक्षा कोणाचे किती होतील याचा हिशेब मांडावा, हे ते शिक्षण. हिशेब मांडणाऱ्याला झेल सुटल्याचे दुःख होत नाही; त्याचा आकडा तेवढा चुकतो. आणि आकडा चुकलेला माणूस कोणीतरी आपल्याला फसविले असे फार लवकर मानू लागतो.

लहानपणी गल्लीत खेळताना आम्ही एखाद्याला 'रडी खातो' म्हणून बाजूस काढीत असू. ती शिक्षा फार कठोर नसे. दोन दिवसांनी तो पुन्हा डावात येई. परंतु ती देताना कोणाच्याही मनात किंतु नसे. हरलेल्याला कोणी वाळीत टाकीत नसे, आणि हरण्याचे सोंग आणणाऱ्याला कोणी जवळ करीत नसे. एवढा साधा विवेक गल्लीतल्या पोरांना कोणी शिकविला नव्हता. तो खेळातूनच येत असे. मोठ्यांच्या खेळात त्यासाठी आज पोथ्या लिहाव्या लागतात आणि पहारे बसवावे लागतात. बसवावेत, खुशाल बसवावेत. कारण जिंकण्यासाठी जगात दुसरी पुष्कळ ठिकाणे आहेत. सर्वांच्या देखत मनापासून धडपडून हरावे, आणि तरीही लोकांनी आपल्याला आपला म्हणावे, अशी जागा मात्र मैदानाखेरीज फारशी उरलेली नाही.